रॉटन रोची वाळू

लंडनच्या हाइड पार्कमध्ये दक्षिणेच्या बाजूस ‘रॉटन रो’ नावाची वाळूची लांब वाट आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस राजा तिसरा विल्यम याने ती करवून घेतली. मुलीकडे गेलो असता एका सकाळी तेथील बाकावर बसून घोडे पाहत होतो. वर बसलेल्या मुली विजार घालून, दोन्ही बाजूंस पाय टाकून निर्धास्त चालल्या होत्या.

व्हिक्टोरिया राणीच्या काळी हे दृश्य दिसले नसते. कुलीन स्त्रीने दोन्ही पाय घोड्याच्या डाव्या अंगासच ठेवावेत, हा शिष्टाचार. अंगाबरोबर बेतलेले लोकरी जाकीट, पाय झाकणारा लांब घेरदार घागरा आणि डोक्यावर उंच टोपी, असा तो पोशाख. तो बहुधा पुरुषांचे कपडे शिवणारे शिंपीच शिवीत. 1830 च्या सुमारास खोगिराला डाव्या मांडीवर वाकलेले आणखी एक शिंग आले. बैठक पक्की झाली आणि स्त्रिया कुंपणेही ओलांडू लागल्या. मात्र पडताना घागरा शिंगात अडके आणि घोडा त्यांना फरफटत नेई. कित्येकींनी प्राण गमावले. 1875 च्या सुमारास ताण पडताच सुटणारे घागरे निघाले. पुढे तर घागरा केवळ दर्शनी आवरणापुरता उरला, आत विजार आली.

आपल्याकडे काष्ट्याच्या नऊवारीने हा प्रश्न केव्हाच सोडवला होता. तरीही ‘बरे दिसत नाही’ म्हणून माझ्या थोरल्या बहिणीस सायकल मिळाली नाही. आयुष्यभर बँकेत इतरांचे हिशेब तपासले, घरचा हा तेवढा राहून गेला. त्या बाकावरूनच मी ताईला फोन लावला.