एकाच विणीची पिल्ले

इतिहासाच्या तासाला 'मात्स्यन्याय' हा शब्द आला की विद्यार्थी तत्काळ अर्थ सांगतात : मोठा मासा लहान माशाला खातो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हा शब्द अराजकासाठी आला आहे. पाल राजा धर्मपाल याच्या खालिमपूर ताम्रपटानुसार, असा मात्स्यन्याय संपविण्यासाठीच लोकांनी आठव्या शतकात त्याचा पिता गोपाल याला राजा केले. याच बौद्ध राजघराण्याने पुढे विक्रमशिला महाविहार उभारला. परंतु मोठा मासा मुळात मोठा कसा झाला, हा प्रश्न वर्गात सहसा कोणी विचारत नाही.

पूस, अरुणावती, बेंबळा या आपल्या जिल्ह्यातील जलाशयांवर मासेमारी करून मुलांना शिकविणारे पालक मला भेटत असतात. मरळ माशाविषयी त्यांच्याकडून पुष्कळ ऐकायला मिळते. मरळीची पिल्ले प्रारंभी पाण्यातील सूक्ष्म जीव खातात, मग कीटक आणि पुढे लहान मासे. सारी एकाच विणीची. तरीही काहींना आधी व अधिक घास मिळतो आणि ती थोड्याच दिवसांत पुढे निघून जातात. हे अंतर पुरेसे वाढले की मोठे पिल्लू आपल्याच भावंडाला गिळते. म्हणूनच मरळ पाळणारे वेळोवेळी आकारानुसार पिल्ले निवडून वेगळी करतात आणि दिवसातून अनेकदा, अनेक ठिकाणी खाद्य टाकतात.

रोहूची गोष्ट याहून बोलकी आहे. आंध्र प्रदेशातील मत्स्यपालक रोहूची बोटुकली मुद्दाम दाटीत, अपुऱ्या खाद्यावर ठेवतात. ती वर्षभर खुरटलेली राहतात. मात्र मोकळे तळे आणि पोटभर खाद्य मिळताच तीच झपाट्याने वाढतात. खुरटेपणा त्यांच्या जातीत नव्हता. तो दाटीत आणि उपासमारीत होता.

मी स्वतः वसतिगृहात वाढलो. तेथे पंगतीच्या शेवटी बसणाऱ्या लहान मुलांच्या वाट्याला वरणाचे नुसते पाणी येई. ज्ञानाच्या पंगतीतही तेच घडते. कोलाम पोडावरचे, बंजारा तांड्यावरचे किंवा कापूस वेचणीमुळे महिनाभर उशिरा शाळेत येणारे मूल मागे पडते आणि मग आपण त्याला 'मंद' म्हणून मोकळे होतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मत्स्यपालकाची निवड पिल्लाचा आजचा आकार पाहून होते, आणि ती लहानांच्या जिवासाठी असते. आपल्या समाजाने केलेली निवड जन्मावरून होती, कायमची होती आणि घास मिळण्यापूर्वीच झालेली होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते याच निवडीला नकार देण्यासाठी. म्हणून मागे पडलेल्या मुलांची स्वतंत्र तुकडी करून त्यांना तेथेच ठेवणे हा उपाय नव्हे. त्यांना सायंकाळचा जादा तास द्यावा, ग्रंथालयाची पुस्तके आधी त्यांच्या हाती पडावीत, आणि भोजनगृहात पहिली पंगत लहान वर्गांची असावी.

मासा आपल्या तळ्याचा नियम बदलू शकत नाही. निवासी विद्यालय तो बदलू शकते. एखाद्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिण्यापूर्वी आपण शिक्षकांनी एवढेच तपासावे : याला किती मिळाले, केव्हा मिळाले आणि कोणाच्या नंतर मिळाले?