मिशीचं खेळणं

आमच्या घरात पुस्तकाआधी लोहचुंबक आलं. आई भंगार वेचायची. फुटक्या लाऊडस्पीकरमधली काळी रिंग तिनं सुतळीला बांधून कमरेला लटकवली होती. रिंग चिकटली की लोखंड, नाही चिकटली की पितळ, तांबं नाहीतर जर्मन. "चिकाटलं की सस्तं, न्हाय चिकाटलं की म्हाग," एवढंच तिचं शास्त्र. पण पक्कं. भंगारवाला वजनात मारायचा, लोखंड म्हणून पितळ घेणं मात्र त्याला कधी जमलं नाही.

शाळेतलं चुंबक कपाटात. लाल, घोड्याच्या नालासारखं. वर्षातनं एकदा बाहेर निघायचं. पुढच्या बाकावरच्या पोरांच्या हातात गेलं, आमच्या बाकापर्यंत येईस्तोवर घंटा झाली. पुन्हा कपाट. पुन्हा कुलूप.

आता मी वस्तीतल्या विहारात दर रविवारी पोरं जमवतो. दोस्तांनो, तुमच्यातलेही कैकजण असे वर्ग चालवतात. जयंतीला भाषण आणि बाकी वर्षभर पाढे, एवढ्यावर ते अडकतात, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात जास्त रंगलं ते मिशीचं खेळणं. पुठ्ठ्यावर चेहरा काढायचा, सफाचट. त्यावर मिठाईच्या खोक्याचं पारदर्शक झाकण ठेवायचं, आत चिमूटभर लोखंडाचा कीस टाकायचा आणि कडा चिकटपट्टीनं बंद करायच्या. पुठ्ठ्याखालनं रिंग फिरवली की कीस केसासारखा ताठ उभा राहतो. मिशी काढा, दाढी काढा, भुवया काढा. कीस फॅब्रिकेशनवाल्याच्या ग्राइंडरखाली पडलेला असतो. गोळा करताना चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळूनच फिरवा. पिशवी उलटी केली की कीस सुटतो. नुसतं चुंबक घातलंत तर दिवसभर खरवडत बसाल. ओढ्याच्या वाळूत फिरवलं तरी काळे कण येतात. ते मॅग्नेटाइट, आपल्या काळ्या पाषाणातलंच. पोरांना हे सांगितलं तर ती आधी मला हसली, मग वाळू आणायला पळाली.

एका पोरानं आज्ज्याचं तोंड काढलं. मिशी केली ती पार कानापर्यंत पिळलेली. मी म्हटलं, आज्ज्याला अशी मिशी होती काय रं? "न्हवती. गावात ठेवू देत न्हवते. हितं ठेवतो मी." सगळी पोरं हसली, मला हसू आलं नाही. २०१७ साली गुजरातेत, गांधीनगरजवळच्या लिंबोदरा गावात, मिशी ठेवली म्हणून मारल्याची तक्रार आपल्या पोरांनी केली होती. त्यावर तिकडच्या शेकडो दलित तरुणांनी मोबाइलवर आपल्या फोटोच्या जागी मिशीचं चित्र लावलं. हे मी पोरांना सांगितलं. मग प्रत्येकानं आपापल्या चेहऱ्याला मिशी चढवली. पोरींनीसुद्धा.

एक कार्यकर्ता मित्र मात्र भडकला. म्हणाला, "आपल्या पोरांनी पुन्हा भंगारच हातात घ्यायचं काय? कॉलनीतल्या पोरानं केलं तर कलाकार. आपल्यानं केलं की म्हणणार, बघा, जातीवर गेला." यात भंकस काहीच नाही. होशंगाबादच्या गावशाळांत १९७२ साली हातानं प्रयोग करून विज्ञान शिकवण्याचं काम सुरू झालं. अरविंद गुप्ता त्यातूनच पुढं आले. आयआयटीचा इंजिनियर माणूस, आयुष्यभर टाकाऊतनं खेळणी करत राहिला, पुण्याच्या आयुकात बसून हजारो पोरांना दाखवत राहिला. २०१८ साली पद्मश्री मिळाली. मी त्यांच्याकडनंच शिकलो आणि मला आदर आहे. पण ज्याच्या आईला कचऱ्यावरनं शिव्या बसतात, त्याच्या कानाला 'टाकाऊ' हा शब्द वेगळा लागतो. ते ऐकायला आपल्यालाच पाहिजे.

म्हणून आमच्याकडं एक नियम आहे. वर्गासाठी कुठल्याही पोरानं उकिरड्यावर जायचं नाही. रिंगा नव्या विकत आणतो, पाच-दहा मिळून वर्गणी काढली तरी पुरतात. जयंतीच्या डीजेचा फाटलेला स्पीकर मिळाला तर तो मोठी माणसं उघडतात. आणि भंगार वेचणाऱ्या आयांना आम्ही वर्गात बोलावतो, शिकवायला. पुण्यात १९९३ साली याच बायांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, आम्ही कामगार आहोत म्हणून सांगितलं. मग त्यांचं ज्ञान वर्गात का नको? एका आक्कानं स्टीलची दोन भांडी पुढ्यात ठेवली. एकाला रिंग चिकटली, दुसऱ्याला नाही. दोन्ही स्टीलच! सायन्सला असलेली आमची कॉलेजची पोरगी गप्प झाली. निकेलचा घोळ असतो हे पुढं आम्ही मिळून शोधलं. पाठीमागं हात बांधून बसलेल्या पोरानं त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांसमोर सांगितलं, "ती माजी आय हाय."

बारक्यांसाठी मासोळी बरी. कागदाची मासोळी, तोंडात टाचणी. जर्मनच्या ताटात पाणी घालून तिला सोडायची आणि खालनं रिंग फिरवायची. जर्मनमधनं चुंबकाचा जोर आरपार जातो. पत्र्याचं ताट घेतलंत तर मासोळी मरगळते, कारण जोर पत्राच खाऊन टाकतो. पोरांना दोन्ही ताटं द्या, आधी काही सांगू नका.

एक गोष्ट मात्र दटावून सांगा. मोबाइल, इयरफोन, हार्डडिस्कमधली चकचकीत बारकी चुंबकं फार जोरकस असतात. पोरानं दोन गिळली तर आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना धरतात, आतडं फाटतं. ती पोरांच्या हाती द्यायचीच नाहीत. गिळलं असा संशय आला तरी तडक दवाखाना.

मागच्या रविवारी एक रिंग फरशीवर पडली नि दोन तुकडे झाले. पोरं जोडायला बसली. जिथं तुटलं तिथंच नीट लावायला गेलं की तुकडे एकमेकांना ढकलतात. जरा ढील दिली की एक तुकडा आपणहून उलटा होतो आणि मग घट्ट चिकटतो. अख्खी होती तोवर एक होती, तुटल्यावर ढकलतात कशाला, म्हणून पोरांत जुंपली. मी उत्तर सांगितलं नाही. दोघीजणी तुकडे घरी घेऊन गेल्यात.