क्रॅनबेरी, करवंदं आणि माझा फ्रूट डबा

काही गोष्टी आपण ऑफिसात कुणालाच सांगत नाही. पगाराचा आकडा, एक्स बॉयफ्रेंडचं नाव आणि... शू करताना होणारी जळजळ! पहिल्या दोन गोष्टी कधी ना कधी कँटीनमध्ये फुटतातच. तिसरी मात्र आपण आणि आपलं बाथरूम यांच्यातच राहते.

माझं सिक्रेट सव्वा वर्ष टिकलं.

पहिल्या वेळी मी आईला सांगितलं. ‘उन्हाळी लागली असेल गं, धण्याजिऱ्याचं पाणी पी,’ एवढं बोलून ती पोळ्यांकडे वळली. आमच्या घरात जळजळ म्हणजे उन्हाळी, मग महिना जानेवारीचा का असेना. पाणी प्यायले, बरंही वाटलं. तीन महिन्यांनी परत तेच. या वेळी थेट केमिस्ट गाठला. मागच्या वर्षी मैत्रिणीला लिहून दिलेल्या गोळ्यांचं नाव सांगितलं, त्याने काहीही न विचारता दिल्या. दोन दिवसांत आराम पडला, उरलेल्या गोळ्या पर्समध्ये. हुशारीच ना! पुढच्या वेळी उपयोगी पडतील म्हणून.

पडल्या नाहीत. तिसऱ्या वेळी त्या गोळ्यांनी ढिम्म फरक पडेना, म्हणून डोंबिवलीतल्या एका दवाखान्यात गेले. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, ‘लग्न झालंय?’ मी नाही म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून जे पाहिलं ना, त्यानंतर पुढचं काही सांगायची इच्छाच उरली नाही. प्रिस्क्रिप्शन घेतलं आणि बाहेर पडले. सेक्सचा आणि यूटीआयचा संबंध असतो, ते मान्य. पण तो प्रश्न विचारायची एक पद्धत असते की नाही?

चौथी वेळ क्लायंटसमोर आली. प्रेझेंटेशन माझंच, सतरावी स्लाइड चालू होती आणि मला हुडहुडी भरली. एसीला शिव्या घालत मी रेटून नेलं. संध्याकाळी लोकलमध्ये बसायला मिळालं तरी बसवेना, पाठीत डाव्या बाजूला असं दुखत होतं. रात्री १०३ ताप, उलट्या. इन्फेक्शन मूत्राशयातून वर चढून किडनीपर्यंत पोचलं होतं. तीन रात्री हॉस्पिटलमध्ये, हाताला सलाइन आणि उशाशी आई. ‘एवढं होईपर्यंत बोलली का नाहीस?’ हे तिने किती वेळा विचारलं ते मी मोजलं नाही.

तिथल्या लेडी डॉक्टरनी मात्र खुर्ची ओढली, बसल्या आणि समजावून सांगितलं. आपल्या आतड्यात सुखाने नांदणारा ई. कोलाय नावाचा बॅक्टेरिया बहुतेक वेळा यामागे असतो. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर, त्यामुळे त्याला वर पोचायला वेळ लागत नाही. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं, की डॉक्टर त्याला ‘वारंवार होणारं’ म्हणतात. दर वेळी लघवीचं कल्चर करून योग्य अँटिबायोटिक घ्यायचं आणि कोर्स पूर्ण करायचा. पर्समधल्या गोळ्यांची गोष्ट ऐकून त्यांनी डोक्यालाच हात लावला.

मग म्हणाल्या, ‘दिवसभरात पाणी किती पितेस?’

मी हिशेब केला. सकाळचा चहा, डबा खाताना अर्धा ग्लास, घरी आल्यावर एक बाटली. बस्स!

याला कारण होतं. ट्रेन आणि मेट्रो धरून माझा प्रवास दीड तासाचा, आणि स्टेशनवरच्या टॉयलेटबद्दल न बोललेलंच बरं. ऑफिसात आमच्या मजल्यावर लेडीज टॉयलेट एकच, त्याला कुलूप आणि किल्ली ॲडमिनवाल्याच्या ड्रॉवरमध्ये. म्हणजे दर वेळी एका काकांसमोर उभं राहून ‘किल्ली’ म्हणायचं. त्यापेक्षा पाणी न पिणं सोपं. बायकांना बाहेर स्वच्छ आणि फुकट मुतारी मिळावी म्हणून मुंबईत २०११मध्ये ‘राइट टू पी’ मोहीम सुरू झाली, तेव्हा त्या नावावर आम्ही कॉलेजच्या पोरी फिदीफिदी हसलो होतो. आता हसू येत नाही.

डिस्चार्जनंतर मी नेटवर तुटून पडले. सगळीकडे एकच नाव, क्रॅनबेरी! दुसऱ्याच दिवशी मॉलमधून ज्यूसची इम्पोर्टेड बाटली आणि सुकवलेल्या क्रॅनबेरीचं पाकीट आणलं. बिल पाहून आईने विचारलं, ‘एवढ्या पैशांत पेटीभर आंबे आले असते की! आणि ही तर आपली करवंदं.’

मला वाटलं, आई बरोबर असेल. आंबट, लालसर, छोटी. बाजारातही करवंदाला बिनधास्त ‘इंडियन क्रॅनबेरी’ म्हणून विकतात. पण नाही हो! करवंद हे कण्हेर आणि चाफ्याच्या कुळातलं. क्रॅनबेरी वेगळ्याच कुळातली, उत्तर अमेरिकेत दलदलीच्या जमिनीत वाढणारी. तिच्यात प्रोअँथोसायनिडिन नावाचं द्रव्य असतं, त्यातही ए-टाइप नावाचा खास प्रकार. त्यामुळे ई. कोलायला मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला चिकटून बसणं जड जातं, असं संशोधक मानतात. चिकटला नाही की लघवीबरोबर बाहेर!

आता ही जाहिरातबाजी की खरं? कोक्रेन नावाची संस्था जगभरच्या चाचण्या एकत्र तपासते. २०१२मध्ये त्यांनी म्हटलं होतं, फारसा उपयोग दिसत नाही. २०२३मध्ये ५० चाचण्या तपासल्यावर मत बदललं. वारंवार यूटीआय होणाऱ्या बायकांमध्ये क्रॅनबेरीमुळे पुन्हा होण्याचा धोका साधारण पाव हिश्श्याने कमी झालेला दिसला. पाव हिश्शाने, म्हणजे जादू नाही, पण थापही नाही. आणि हे टाळण्यापुरतंच. एकदा इन्फेक्शन झालं की ज्यूस पीत बसायचं नाही, डॉक्टरकडेच जायचं. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा किडनी स्टोन झालेला असेल, तर आधी डॉक्टरला विचारायचं.

माझ्या बाटलीवर मागे बारीक अक्षरात साखर किती ते वाचलं आणि ती भाच्याला देऊन टाकली. पाकिटातल्या क्रॅनबेरीही साखरेत घोळलेल्याच होत्या. फळ मुळातच इतकं आंबट, की त्याशिवाय खाववत नाही.

फॉलोअपला गेले तेव्हा डॉक्टर हसल्या. ‘परवडत असेल तर क्रॅनबेरीची कॅप्सूल घे, माझी ना नाही. पण आधी पाण्याचं बघ.’ मग २०१८मधल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. बल्गेरियातल्या १४० बायका, सगळ्यांना वर्षात किमान तीनदा हा त्रास झालेला, सगळ्या पाणी कमी पिणाऱ्या. (माझ्याच बहिणी!) अर्ध्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. साधं पाणी!

पण मला पाणी जात नाही, त्याचं काय? इथे फळं आली. पाव किलो कलिंगडात सव्वादोनशे मिलीच्या आसपास पाणीच असतं. संत्रं, मोसंबी, टरबूज यांतही भरपूर. शिवाय फळांतल्या चोथ्याने पोट साफ राहतं, आणि बद्धकोष्ठ असेल तर तेही आधी बरं कर, असं डॉक्टरांनी बजावलंच होतं. फिनलंडमधल्या २००३च्या एका अभ्यासात ताज्या फळांचे, विशेषतः बेरींचे रस पिणाऱ्या आणि दह्यासारखे आंबवलेले दुधाचे पदार्थ आठवड्यातून तीनदा तरी खाणाऱ्या बायकांना यूटीआय कमी झालेला दिसला होता. हे वाचून आईने विजयी मुद्रेने माझ्या डब्यात दह्याची वाटी ठेवली.

तर आता दोन डबे. एक पोळीभाजीचा, एक फळांचा. अकरा वाजता उघडायचा, चारला संपवायचा आणि सोबत दोन बाटल्या पाणी. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी ‘डाएट का?’ विचारून हैराण केलं. एकदा मी सरळ सांगून टाकलं, ‘नाही, यूटीआय. चार वेळा झाला.’ टेबलावर शांतता. मग समोरची म्हणाली, ‘मला दोनदा.’ तिच्या शेजारचीने नुसता हात वर केला.

आणि अर्थातच, एवढं पाणी पोटात गेलं की ते बाहेरही यायलाच हवं. तिसऱ्या दिवशी मी पाच वेळा किल्ली मागितली. चौथ्या दिवशी आम्ही तिघी मिळून एचआरकडे गेलो. आठवडाभर ‘बघतो’, ‘पॉलिसी आहे’ चाललं. शेवटी कुलूप निघालं. कडी आतून बसवली, ती अजून नीट लागत नाही, पण चालतंय.

चौदा महिने झाले. मध्ये एकदाच जळजळ झाली, त्याच दिवशी कल्चर दिलं, कोर्स शेवटच्या गोळीपर्यंत घेतला. श्रेय कलिंगडाचं, पाण्याचं, दह्याचं की न तुंबवण्याचं, मला विचारू नका. आईच्या मते धण्याजिऱ्याचंच.

गेल्या मे महिन्यात मामाने गावाहून टोपलीभर करवंदं पाठवली. दुसऱ्या दिवशी डब्यात कलिंगडाऐवजी तीच निघाली, वर मिठाची पुडी आणि आईची चिठ्ठी, ‘तुझी क्रॅनबेरी.’ टेबलावर सगळ्या जमल्या. बोटं चिकाने चिकट, आणि प्रत्येक करवंद फोडायच्या आधी तोच शाळेतला आरडाओरडा, ‘कोंबडा की कोंबडी?’ माझ्या हातातलं लालभडक निघालं. कोंबडा!