आजीच्या लुगड्याचा रग

आजी गेली त्या जानेवारीत मी हॅलिफॅक्समध्ये होतो. परमिटचं काम अडकलेलं, त्यामुळे जाता आलं नाही. पुढे आईने इकडे येणाऱ्या एकाबरोबर आजीचं हिरवं सुती लुगडं पाठवलं. "गोधडी करून घे." कॅनडात, कोणाकडून? दीड वर्ष ते कपाटात पडून राहिलं. खोलीत तेव्हा गादी, टेबल आणि दोन मॉनिटर, बस.

मग जवळच्या लायब्ररीत शनिवारी रग हुक करणाऱ्या बायकांमध्ये जाऊन बसलो. (एकटाच पुरुष. सगळ्यांनी कुकीज दिल्या.) नोव्हा स्कोशिया, न्यूफाउंडलंड, खाली अमेरिकेतलं मेन, या पट्ट्यातली ही जुनी कला. चौकटीवर गोणपाट ताणायचं, चिंधीची पट्टी खालून धरायची आणि आकड्याने एकेक लूप वर ओढायचा. गाठ कुठेच नाही. शेजारच्या लूपांच्या दाटीनेच प्रत्येक लूप जागेवर राहतो. चुकलं तर टोक ओढा, ओळ उसवते. इतकं सोपं अनडू मी ऑफिसातही पाहिलेलं नाही.

गंमत म्हणजे ते गोणपाट मूळ आपल्याकडच्या तागाचं. एकोणिसाव्या शतकात बंगालचा ताग पोत्यांच्या रूपाने जगभर पोचला आणि रिकाम्या पोत्यांवर इथल्या बायकांनी घरातल्या चिंध्या ओढल्या. पुढे न्यूफाउंडलंड-लॅब्राडॉरच्या ग्रेनफेल मिशनने अशा चटया विकून बायकांना चार पैसे मिळवून दिले. १९२०-३० च्या दशकांत त्यासाठी लोकांकडून जुने रेशमी स्टॉकिंग मागवत. आज त्या चटया म्युझियमच्या भिंतींवर आहेत.

लुगड्याला कात्री लावायला मला तीन शनिवार लागले. कापताना डांबरगोळ्यांचा वास आला, आजीचा नाही. अर्ध्या इंचाच्या पट्ट्या केल्या, पदर तेवढा ठेवला. अडीच महिन्यांनी दोन बाय तीन फुटांचा रग झाला. मध्ये हिरवा, कडेला काठाचा लाल.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. ती गप्प. मग म्हणाली, "लुगड्याचं पायपुसणं केलंस?"

खरं तर आजीनेच जुन्या लुगड्यांची कितीतरी पायपुसणी केली होती. पण ते बोललो नाही. आजीची लुगडी आजीने फाडणं वेगळं.

रग भिंतीवर लावला. खोली एकदम सजल्यासारखी दिसली, पण मला तो हार घातलेल्या फोटोसारखा वाटायला लागला. आठवड्याने काढून पलंगाजवळ खाली टाकला. सकाळी पाय पडला आणि हात आपोआप कपाळाला गेला, लहानपणी पुस्तकाला पाय लागल्यावर जायचा तसा.

लायब्ररीतल्या एका आजींना हे सांगितलं. त्या न्यूफाउंडलंडच्या. म्हणाल्या, आमच्याकडे आठवडाभर रग पालथाच असायचा, रविवारी किंवा पाहुणे आले की सुलटा.

तेव्हापासून माझाही पालथा असतो. उलट बाजूने नुसत्या हिरव्या रेघा दिसतात. आईचा फोन रविवारी येतो, त्याआधी सुलटा करतो.

दोन महिने तिने विषय काढला नाही. परवा म्हणाली, "फोन जरा खाली धर. अजून जवळ." बराच वेळ बघत होती.

"काठ चांगला बसलाय. पदराचं काय केलंस?"

"ठेवलाय," म्हटलं.