वारणाकांठची दिवेलागण

प्रवासवर्णन म्हटलें कीं किल्ला, देऊळ, घाट किंवा धबधबा यांपैकीं कांहीं तरी त्यांत असावें अशी वाचकांची अपेक्षा असते, आणि कोल्हापूर जिल्ह्यांत या चारींपैकीं एकाचीहि उणीव नाहीं. वारणानगरच्या आसपास हिंडणाऱ्यास पन्हाळा आणि जोतिबाचा डोंगर सारखे खुणावीत असतात. तथापि या लेखांत त्यांचें वर्णन यावयाचें नाहीं. गेल्या कार्तिकांत वारणानगरीं आमचा चार दिवस मुक्काम झाला, आणि तेथें आम्हीं मन लावून जें पाहिलें तें एका घरांतील दिवे होत. दिव्यांसारखी घरगुती वस्तु पाहण्यास परगांवीं कशास जावें, असें कोणी म्हणेल. परंतु आपल्या घरचा उजेड आपल्या इतका अंगवळणीं पडलेला असतो कीं, त्याविषयीं विचार सुचण्यास दुसऱ्याच्याच घरीं उतरावें लागतें.

पुण्याहून कोल्हापुरास येतांना महामार्ग वाठार येथें सोडून पश्चिमेस वळलें म्हणजे दोन्ही बाजूंस उसाचे फड लागतात. पुढें कोडोली हें मोठें गांव येतें, आणि त्याला लागूनच वारणानगर. हें नगर जुनें नव्हे. बखरींत त्याचा शोध करूं जाणाऱ्याची निराशा होईल. कोल्हापूर व सांगली या जिल्ह्यांची सीमा आखीत जाणारी आणि हरिपुराजवळ कृष्णेस मिळणारी वारणा नदी येथून जवळच आहे. पण नदी जवळ असली तरी हा माळ एके काळीं बरडच होता. तात्यासाहेब कोरे यांनीं भोंवतालच्या शेतकऱ्यांस एकत्र आणून सहकारी साखर कारखाना काढला. १९५९ च्या सुमारास तो चालूं झाला, आणि मग त्याच्या आश्रयानें दूधसंघ, बाजार, शाळा व महाविद्यालयें उभीं राहिलीं. १९८३ मध्यें अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें. १९९८ मध्यें आसपासचीं सत्तर खेडीं संगणकांनीं जोडण्याची सरकारी योजना येथेंच आंखली गेली, व तिची वार्ता परदेशांतहि पोंचली.

दिव्यांच्या विषयाशीं या कारखान्याचा संबंध वाटतो तितका दूरचा नाहीं. शंभर टन ऊस गाळला म्हणजे अदमासें तीस टन ओलें चिपाड उरतें. कारखान्यांत त्यास बगॅस म्हणतात. तें जाळून वाफ करावयाची, त्या वाफेनें आधीं वीज उत्पन्न करणारें चक्र फिरवावयाचें, आणि मग त्याच वाफेच्या उरल्या उष्णतेवर रस आटवावयाचा, अशी आतांच्या कारखान्यांची रीत आहे. गरज भागून उरलेली वीज बाहेरच्या तारांत सोडतात. वारणेच्या कारखान्यांतहि अशी वीज होते. आम्ही गेलों तेव्हां गाळपाचा हंगाम नुकताच लागला होता. ज्या शेतांतला ऊस साखर होऊन परमुलुखीं जातो, त्याच शेतांतलें चिपाड सायंकाळीं दिव्यांच्या रूपानें घरोघर परत येतें, ही कल्पना आम्हांस मोठी गोड वाटली.

उजेडाकरितां डोकें चालविण्याची संवय तर या मुलुखास जुनीच आहे. येथून उत्तरेस कऱ्हाडजवळ ओगलेवाडी आहे. १९१६ मध्यें निघालेल्या तेथील ओगले काच कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील ज्या घरांत नव्हता असें घर एके काळीं दाखवितां येणें कठीण होतें. १९६२ पासून कोयनेची वीज मिळूं लागली, आणि हळूहळू तो कंदील खुंटीवरून माळ्यावर गेला. तथापि जेथें वीज पोंचली नव्हती अशा घरांचा विचार कोणी सोडला नाहीं. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेंत डॉ. अनिल राजवंशी यांनीं १९८० नंतरच्या काळांत कंदिलावरच प्रयोग करून ‘नूरी’ नांवाचा भरपूर उजेडाचा कंदील तयार केला.

कंदिलाच्या काळाविषयीं बोलतांना आपण फार हळवे होतों. एका दिव्याभोंवतीं सारें घर बसे, मुलें परवचा म्हणत, वडील माणसें पोथी वाचीत, हें सर्व खरें. परंतु तो एक दिवा कोठें असे, हेंहि आठवावें. काच लावलेला चांगला कंदील सोप्यांत, आणि माजघराच्या पलीकडे, जेथें विळीवर हात चाले व चुलीवर दूध उतूं जाई, तेथें रॉकेलची धूर ओकणारी चिमणी. कालिदासानें रघुवंशाच्या सहाव्या सर्गांत स्वयंवरास निघालेल्या इंदुमतीस रात्रीच्या राजमार्गावरून चालत्या दीपशिखेची उपमा दिली आहे. ती ज्या वाड्यावरून पुढें जाई तो वाडा काळवंडे. या उपमेवरून कवीस ‘दीपशिखा’ असें नांव पडलें. वर्गांत ती शिकवितांना आम्ही तिचें सौंदर्यच सांगत असूं. पण गृहस्थाश्रमाच्या दृष्टीनेंहि ती मोठी खरी आहे. घरांत दिवा एकीकडे ठेवणें म्हणजे दुसरीकडे अंधार ठेवणें होय. आणि तो अंधार कोणाच्या वांट्यास द्यावयाचा हें कोणी तरी, बहुधा न बोलतां, ठरवीत असतें.

आतां त्या घराकडे वळूं. घर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें. दोघे भाऊ, त्यांच्या बायका, मुलें, एक सून, एक नातू आणि ऐंशीच्या घरांतील आई, असें अकरा माणसांचें एकत्र कुटुंब. शेती उसाची. जुन्या घराच्या जागीं चार वर्षांपूर्वीं नवें बांधलें, आणि आंतील सजावटीचें काम सूनबाईंनीं पाहिलें. कोल्हापुरास राहून त्यांनीं त्या विद्येचें रीतसर शिक्षण घेतलेलें आहे.

सायंकाळ झाली व दिवे लागले. परंतु दिवाणखान्यांत दिवा म्हणून कोठें दिसेना. छताच्या कडेनें एक खांच ठेवून तींत दिव्यांची पट्टी लपविली होती. तिचा उजेड छतावर पडून खालीं उतरे, आणि सारी खोली कोजागिरीच्या चांदण्यांत असावी तशी दिसे. जेवणाच्या जागेवर बुरुडाकडून विणून घेतलेल्या तीन दुरड्या उपड्या टांगल्या होत्या. त्यांच्या आंत दिवे, व कामट्यांची जाळीदार सांवली भिंतीवर. आजेसासूबाईंच्या लग्नांतला पितळी लामणदिवा जिन्याच्या तोंडाशीं त्याच्या मूळच्या सांखळीनें लोंबत होता, आणि त्याच्या आड एक बारीक दिवा बसवून त्याची नक्षी उजळली होती. जिन्याच्या प्रत्येक पायरीखालीं उजेडाची रेघ होती. रात्रीं पावलाची चाहूल लागली म्हणजे ती आपोआप उमटे व माणूस वर गेलें म्हणजे मावळे. स्वयंपाकघरांत भिंतीवरच्या कपाटांच्या तळाशीं पट्टी होती, त्यामुळें भाजी चिरणारीची सांवली तिच्याच हातांवर पडत नसे. देवघरांत मात्र तेलाची समईच होती. “तिथं दुसरं काही शोभलं नसतं, गुरुजी,” असें सूनबाई म्हणाल्या.

हे सर्व प्रकार आतांच कसे निघाले, असा प्रश्न वाचकांस पडेल. त्याचें कारण दिव्याच्या जातींत आहे. जुना दिवा तारेचा. त्याची बहुतेक वीज उष्णतेंतच जाई, म्हणून त्यास लांकूड, कापड व कागद यांपासून दूर, उघड्यावर टांगावें लागे. हल्लींचा एलईडी म्हणजे एक चिमुकला स्फटिक. त्यांतून वीज गेली कीं तो प्रकाशतो. निळा प्रकाश देणारा स्फटिक पुष्कळ वर्षें साधत नव्हता. तो साधल्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघां शास्त्रज्ञांस २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. निळ्यावर पिवळ्या द्रव्याचा लेप दिला म्हणजे पांढरा उजेड होतो. पूर्वींच्या ६० वॅटच्या दिव्याचें काम हा ८-९ वॅटमध्यें करतो. २०१५ पासून सरकारच्या ‘उजाला’ योजनेनें तो खेडोपाडीं पोंचविला. शिवाय तो आकारानें लहान व स्पर्शास सौम्य असल्यामुळें दुरडींत, पायरीखालीं, कपाटाच्या तळाशीं, कोठेंहि बसूं शकतो. दिव्यास लपतां येऊं लागलें, आणि म्हणूनच रचनाकारास खेळतां येऊं लागलें.

परंतु या खेळांतच एक धोका आहे, आणि तो त्या घरांतील आजींनीं आम्हांस सांगितला. “गुरुजी, दिवं लई झालं, पर पोथीवर उजेड पडंना,” असें त्या हंसत म्हणाल्या, व त्यांनीं सुनेच्या सुनेकडे पाहिलें. मग सूनबाईंनींच सर्व हकीकत सांगितली. नव्या घरांत येण्यापूर्वीं आजी रोज रात्रीं जेवणानंतर सोप्यांत बसून पोथीचें एक पान वाचीत. नव्या दिवाणखान्यांत दोनचार दिवस त्या पोथी घेऊन बसल्या, आणि मग पोथी फडक्यांतच राहिली. कोणास कांहीं त्या बोलल्या नाहींत. घरच्यांस वाटलें, वयोमानानें नजर गेली. एका मुलानें डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेण्याचें ठरविलें. असे तीन महिने गेले. एके रात्रीं सूनबाई पाणी घेण्यास उठल्या, तों स्वयंपाकघरांत ओट्याशीं स्टूल ओढून, कपाटाखालच्या पट्टीच्या उजेडांत आजी पोथी वाचीत बसलेल्या. “आजी, इथं कशाला बसलात?” असें विचारतां त्या म्हणाल्या, “हितं अक्षर दिसतंय गं.”

नजर गेली नव्हती. उजेड गेला होता. याचें शास्त्र सोपें आहे. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत घटतो. उघडा दिवा दुप्पट दूर नेला तर चौथाईच उजेड मिळतो. येथें तर उजेड आधीं छताकडे जाऊन मग विखरून खालीं येत होता. त्यांत म्हाताऱ्या डोळ्याची बाहुली आंखडलेली आणि भिंग पिवळें पडलेलें असतें, म्हणून साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या मानानें अदमासें तृतीयांशच प्रकाश पोंचतो. ऐंशीची तर गोष्टच नको. सूनबाईंचें वय सव्वीस. त्यांच्या डोळ्यांस जें चांदणें, तो आजींच्या डोळ्यांस अंधार होता.

दुसऱ्याच आठवड्यांत आजींच्या खुर्चीशेजारीं पितळी दिवा आला. त्याचा घाट जुन्या ठाणवईसारखा, आणि वरचा हात हवा तसा वळणारा. उजेड थेट पानावर पडतो व डोळ्यांवर झांक येत नाहीं. निजण्याच्या खोल्यांतील निळसर पांढरे ६५०० केल्व्हिनचे दिवे काढून २७०० चे पिवळसर घातले, कारण रात्रीं निळसर उजेड झोंप लांबवितो. आम्हीं त्या चारी रात्री पाहिलें: नऊच्या सुमारास आजी त्या दिव्याखालीं वाचावयास बसत, थोड्या वेळानें नातू आपलें चित्रांचें पुस्तक घेऊन त्याच उजेडांत सरके, आणि त्याच्या मागोमाग त्याची चुलत आजी लसूण सोलावयास येऊन बसे. चांदण्यासारखा दिवाणखाना पाहुण्यांनीं वाखाणला. घरचीं माणसें मात्र त्या एका पितळी दिव्यापाशीं जमूं लागलीं.

संस्कृतांत दिव्याच्या तेलाला व मायेला ‘स्नेह’ हा एकच शब्द आहे, आणि वातीला व माणसाच्या अवस्थेला ‘दशा’ हा एकच. कवींनीं या दोन शब्दांवर श्लेष करून करून ते पार झिजविले आहेत. विजेच्या दिव्यांत तेल नाहीं आणि वातहि नाहीं. म्हणून त्यांतला स्नेह दिवा बसविणाऱ्याकडूनच यावयास हवा, आणि ज्याच्यासाठीं बसवावयाचा त्याची दशा त्यानेंच ओळखावयास हवी. कला नको असें आमचें म्हणणें नाहीं. दुरड्यांच्या सांवल्या आम्हांस फार आवडल्या, आणि पायऱ्यांखालच्या रेघांनीं तर म्हाताऱ्या माणसाचें पडणें टळतें. तक्रार एवढीच कीं, पुष्कळ नव्या घरांत छतास वीस दिवे असतात, आणि वाचणाऱ्याच्या पानावर त्यांतला एकहि नसतो.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं नवें काम निघणार असेल, त्यांनीं वायरमनला बोलावण्यापूर्वीं एक करावें. सायंकाळीं सातपासून दहापर्यंत कागद-पेन्सिल घेऊन घरांत हिंडावें, आणि कोण कोठें बसतें, हातानें काय करतें, तोंड कोणीकडे असतें, हें लिहून काढावें. अभ्यासाला बसलेलें मूल, ताक घुसळणारी किंवा हिशेब लिहिणारी गृहिणी, रात्रीं दोनदां उठणारे आजोबा, सर्वांचीं नांवें त्यांत यावींत. मग त्या यादींत ज्याचें नांव सर्वांत शेवटीं आठवलें असेल, त्याच्या बसण्याच्या जागेपासून दिवे लावण्यास आरंभ करावा.