मोगलीचे न वाढणारे केस

मोगलीचे केस कधीच वाढत नाहीत. 1993 साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ लागायचं, तेव्हा चंद्रपुरातल्या आमच्या घरी मला ही गोष्ट पहिल्यांदा खटकली. मला बाबा न्हाव्याकडे धरून न्यायचे, आणि लांडग्यांत राहणाऱ्या या पोराजवळ ना कात्री ना वस्तरा, तरी भागामागून भाग केस तेवढेच! शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज, गाणं गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजांचं. सगळे भान हरपून बघायचे. मी चुका हुडकायचो, कारण त्या जंगलावर माझा जीव जडला होता आणि तिथलं काहीही निसटलेलं मला सोसत नव्हतं.

पुढे नागपूरला शिकताना अॅनिमेशनबद्दल मिळेल ते वाचलं. मालिका जपानच्या निप्पॉन अॅनिमेशनची, 1989-90 मधली, 52 भागांची. त्या काळी पात्रं पारदर्शक सेलवर हातानं रंगवत. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी सरकतात. दूरचित्रवाणीसाठी बरेचदा एकच चित्र तीन चौकटी चालवलं जाई, तरीही सेकंदाला 8 चित्रं लागत. काम अनेक हातांत वाटलेलं, म्हणून प्रत्येक पात्राचा एक नमुना-तक्ता ठरलेला असे. केस वाढवायचे तर तक्ता बदलायचा आणि तो साऱ्या चित्रकारांपर्यंत पोचवायचा. जुनं दृश्य उलटवून पुन्हा वापरलं की उजव्या हातातली वस्तू डाव्या हातात कशी जाते, तेही कळलं. तेव्हापासून चूक दिसली की तिच्यामागे मान मोडून रंगवत बसलेला माणूसही दिसू लागला.

नोकरीनं मला भामरागडला आणलं. इथे इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या मिळतात. पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं की गाव बाहेरच्या जगापासून तुटायचं. अशाच पावसात एकदा शाळेतल्या माडिया मुलांना लॅपटॉपवर मोगली दाखवला. किची पडद्यावर आला आणि एकानं विचारलं, “सर, हा लाल शेपटीचा कोणत्या जंगलातला? आमच्या आजोबांनी पण नाही पाहिला.”

किची म्हणजे तांबडा पांडा, पूर्व हिमालयातल्या थंड रानातला. किपलिंगच्या मूळ कथांतल्या सिवनीच्या जंगलात तो असणं शक्यच नाही. मी लहानपणी ती मालिका डोळ्यांत तेल घालून पाहिली होती, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मोगलीचा बूमरँग पाहून दुसरा म्हणाला, “याला कोणी तिरकमठा नाही दिला?” झाडावरून अस्वल पाठमोरं उतरतं आणि बिबट्या तोंड खाली करून, हे त्यांना पाठ. त्यामुळे पडद्यावर कोणी झाडावर चढलं, की आता ते उतरतं कसं याकडे सगळ्यांचं लक्ष. काहींनी जवळच्या हेमलकशाला, 1973 साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या प्राणी अनाथालयात, अस्वलाची वारूळ फोडणारी लांब नखं पाहिली होती. मी एक चित्र दुसऱ्या चित्राशी ताडून पाहत आलो होतो. ही मुलं चित्र थेट जंगलाशी ताडत होती.

किपलिंगनं ‘जंगल बुक’ लिहिलं अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये. जपानी चित्रकारही सिवनीपासून दूरच. पण त्या कथांतली वैनगंगा खरी आहे. सिवनी जिल्ह्यात उगम पावून ती चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमेवरून वाहते, वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. पुढे सोमनूरला आमची इंद्रावतीही गोदावरीलाच मिळते. नकाशावर हे बोटानं दाखवलं, तेव्हा मुलांना मोगली सोयऱ्यातला वाटू लागला. त्यानंतर त्यांच्या चुका काढण्याला आणखी धार आली.

चूक दिसायला ती जागा आधी आपली असावी लागते. आपल्या जंगलाच्या गोष्टी आजवर दुरूनच लिहिल्या आणि रंगवल्या गेल्या. उद्या कोणी या रानावर नवी मालिका काढणार असेल, तर पहिला नमुना-तक्ता त्यानं भामरागडच्या वर्गात आणून दाखवावा. किचीला कुठे पाठवायचं आणि मोगलीच्या हातात काय द्यायचं, ते इथली पोरं सांगतील. आणि त्यांच्यातल्याच कोणाच्या हाती रंग-ब्रश देता आला, तर तपासायला कोणाला बोलवायचीही गरज पडणार नाही.