बार ठरवताना: आधी नळी, मग गोळी, शेवटी दारू

ठासणीच्या बंदुकीचा प्रत्येक बार हातानेच भरलेला असतो. नळीच्या तोंडातून दारू आत जाते, तिच्यावर चिंधीचा किंवा कागदाचा बोळा, मग गोळी किंवा छर्रे, वर पुन्हा बोळा. गजाने ठासून झाले, कानावर ठिणगी पाडणारी टोपी चढली की बंदूक तयार. पुढे काडतूस आले तेव्हा हीच उतरंड पितळेच्या पुंगळीत शिरली आणि ठासण्याचे काम कारखान्याकडे गेले. मात्र जिथे लोक आजही काडतुसे घरी भरतात, विशेषतः अमेरिकेत मोठ्या तोंडाच्या लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलींसाठी (घोड्याभोवतीचा दांडा खाली-वर करून काडतूस चढवायच्या), तिथे ठासणीवाल्याचेच जुने प्रश्न नव्या मापांत पुढे येतात. गोळी कोणती, दारू कोणती, आणि त्यातले आधी काय ठरवायचे?

जालना-भोकरदन रस्त्यावरच्या राजूरच्या परिसरात या प्रश्नांना दोन बाजूंनी अर्थ आहे. एक बाजू शेताची. मका, तूर, सोयाबीन यांच्यात रोही आणि रानडुकरे शिरतात. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा वेगळा उल्लेख आहे. मात्र परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे पिकात आलेले जनावर मारायलाही वन विभागाची परवानगी लागते. म्हणून पीकराखणीतला खरा उपयोगाचा बार बिनगोळीचा, नुसत्या आवाजाचा. दुसरी बाजू इतिहासाची. राजूरच्या उत्तरेला, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई आहे. तिथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली समोरासमोर आले, आणि गोळी व छर्रा यांतला फरक एका दुपारी दिसून गेला.

निवड नळीपासून सुरू होते. महाराष्ट्रात परवानाधारकाच्या तोंडी ‘बारा बोअर’ हा शब्द सहज असतो. त्यामागचे माप मात्र शिशाचे आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोल गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. तिचा व्यास सुमारे .७२९ इंच भरतो आणि गोळीचे वजन ३८ ग्रॅमच्या जवळपास. या मोजणीत एक गोष्ट लपलेली आहे. गोल गोळीचे वजन व्यासाच्या घनाने वाढते. व्यास दुप्पट केला की वजन आठपट होते. गोल गोळीच्या जमान्यात जड मारा हवा असेल तर नळी रुंद करण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता, आणि मोठ्या तोंडाच्या बंदुका जन्मल्या त्या याच हिशेबातून.

एक जड गोळी की पुष्कळ लहान छर्रे, हे लक्ष्य आणि अंतर ठरवतात. असईला शिंद्यांच्या तोफांनी दूरवर सबंध गोळे फेकले. त्यांनी वेलस्लीच्या तोफांचे बैल आणि गोलंदाज इतके पाडले की त्याला आपल्या तोफा मागेच सोडून पुढे जावे लागले. शत्रू जवळ आल्यावर त्याच तोफांतून छर्ऱ्यांचे डबे सुटू लागले, आणि असई गावाकडे भरकटलेल्या इंग्रजांच्या ७४ व्या पलटणीची दाणादाण उडाली. त्या दिवशी इंग्रजांचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून दीड हजारांवर गेले. लढाई शिंद्यांनी गमावली आणि तोफाही गमावल्या, पण त्यांच्या गोलंदाजांना बार निवडता येत नव्हता असे कोणी म्हणू नये. बारा बोअरच्या काडतुसांतही हाच विचार लहान रूपात दिसतो. एल.जी.चे थोडे जाड दाणे एका टोकाला, पक्ष्यांसाठीचे बारीक छर्रे दुसऱ्या टोकाला.

गोळी नळीत घट्ट बसावी की सैल, यावर बंदुकीची दोन शतके खर्ची पडली. इंग्रज शिपायाच्या ‘ब्राऊन बेस’ची नळी पाऊण इंचाची आणि गोळी सुमारे .६९ इंचाची. हा सैलपणा निष्काळजीपणा नव्हता. काळी दारू जळाल्यावर निम्म्याहून जास्त भाग घन राख म्हणून उरतो, चार-दोन बारांत नळीत काजळीचा थर साचतो आणि घट्ट गोळी अर्ध्यातच अडते. सैल गोळी झटपट उतरते, पण नळीतून जाताना भिंतींवर आपटत जाते आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल तिकडे वळते. शंभर पावलांपलीकडे एका माणसावर नेम धरण्यात अर्थ नव्हता. म्हणून ओळीने उभे राहून एकदम बार. शिंद्यांच्या पायदळाच्या कंपूंनीही हीच कवायत गिरवली. आटेदार, म्हणजे आतून पिळाच्या खोबणी पाडलेल्या नळीत तेलकट चिंधीत गुंडाळलेली घट्ट गोळी नेम राखते, पण ती ठासायला वेळ लागतो. या पेचातून १८४९ मध्ये क्लोद मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने वाट काढली: लांबट, बुडाशी पोकळ गोळी. भरताना सैल, आणि बार उडताच वायूच्या दाबाने बूड फुगून आट्यांत रुतणारी. १८५३ च्या एन्फिल्डमध्ये याच जातीची गोळी होती. तिच्या कागदी काडतुसाला लावलेल्या चरबीने १८५७ मध्ये काय पेटवले ते सगळ्यांना ठाऊक आहे. ती चरबी मुळात काजळी मऊ ठेवण्यासाठी होती.

गोळी ठरली की दारू. शोरा, गंधक आणि कोळसा यांच्या काळ्या दारूत सगळ्यात दुर्लक्षित घटक कोळसा, आणि दारूचा स्वभाव बराचसा त्याच्यावरच अवलंबून. हलक्या, पोकळ लाकडाचा कोळसा लवकर पेटतो. हिंदुस्थानातल्या कंपनी सरकारच्या दारूखान्यांत तुरीच्या काड्यांचा कोळसा वापरला जाई. मराठवाड्यात ज्या तुराट्या चुलीत जातात त्याच. दुसरी गोष्ट दाण्याची. भुकटी केलेली दारू दाबली की तिच्यात आग शिरायला फट राहत नाही, म्हणून तिचे दाणे पाडतात. मोठा दाणा सावकाश जळतो, बारीक दाणा झपाट्याने. तोफेला भरड, जड गोळीच्या बंदुकीला मध्यम, लहान नळीला बारीक, आणि चकमकीच्या बंदुकीच्या रंजकाला, म्हणजे ठिणगी झेलणाऱ्या दारूला, सगळ्यात बारीक. जड गोळीमागे बारीक दारू घातली तर गोळी हलायच्या आतच दाब शिखराला पोचतो. दारू ‘जोरकस’ हवी, हा समज म्हणूनच अपुरा आहे. तिचा वेग गोळीच्या वजनाशी जुळायला हवा.

ठासण्याचेही एक शास्त्र आहे. गोळी दारूला टेकलेली हवी. मध्ये पोकळी राहिली तर जळता वायू वेग घेऊन स्थिर गोळीच्या बुडावर आदळतो आणि नेमक्या त्या जागी नळी फुगते किंवा फुटते. रिकाम्या आणि भरलेल्या नळीत गज कुठवर जातो, याच्या दोन खुणा गजावर केल्या की हा धोका डोळ्यांना दिसतो. आधीचा बार आतच राहिला असल्याचेही त्याच खुणांवरून कळते.

१८८४ मध्ये पॉल व्हिएइ याने फ्रान्समध्ये बिनधुराची दारू सिद्ध केली आणि सगळा हिशेब बदलला. नायट्रोसेल्युलोजची ही दारू कोंडली की दाब वाढतो, दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते. ठासणीच्या बंदुकीत ती कधीही, थोडीसुद्धा घालू नये. ती नळी त्या दाबासाठी घडवलेलीच नसते. महाराष्ट्रात खडकीच्या १८६९ सालच्या कारखान्यात काडतुसे आणि भंडाऱ्याच्या कारखान्यात अशी दारू बनते, ती मोजून-तपासून.

मोठ्या तोंडाच्या लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलीत काळ्या आणि बिनधुराच्या दारूचे दोन्ही काळ एकत्र नांदतात. .४५-७० हे काडतूस अमेरिकी सैन्याने १८७३ मध्ये घेतले; नावातले ४५ म्हणजे इंचाचे शतांश आणि ७० म्हणजे काळ्या दारूचे ग्रेन. १८८१ च्या मार्लिनमध्ये आणि पुढे १८८६ च्या विंचेस्टरमध्ये ते लिव्हरच्या यंत्रणेत आले. इथे गोळीची निवड वजनाआधी टोकापासून होते. काडतुसे नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक असतात, आणि प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडातल्या, बार पेटवणाऱ्या प्रायमरला टेकते. अणकुचीदार टोक धक्क्याने प्रायमर फोडू शकते. म्हणून टोक सपाट हवे, किंवा अलीकडच्यासारखे मऊ रबरी. पुंगळीचे तोंड गोळीच्या खाचेत आवळणेही या नळकांड्यामुळेच भाग पडते, नाहीतर स्प्रिंगच्या दाबाने गोळी आत सरकते. शिशाची ओतीव गोळी आट्यांच्या खोबणीपेक्षा इंचाचा एखाद-दुसरा सहस्रांश जाड लागते. उथळ आट्यांच्या मार्लिनला ती जरा कठीण मिश्रधातूची बरी.

पुंगळी काळ्या दारूसाठी घडलेली, म्हणजे प्रशस्त. झपाट्याने जळणारी बिनधुराची दारू तिच्या तळाशी पडून राहते. चुकून दोनदा ओतली तरी नजरेला समजत नाही. मध्यम गतीची, पुंगळी बऱ्यापैकी भरणारी दारू दुप्पट ओतली तर बाहेर सांडते, आणि एवढ्या एका कारणासाठी ती पसंत करणे शहाणपणाचे. प्रमाण मात्र दारू बनवणाऱ्याच्या छापील तक्त्यातलेच, तेही आपल्या बंदुकीच्या रकान्यातले. .४५-७० चे तक्ते सैन्याच्या जुन्या ट्रॅपडोअर, लिव्हर आणि आधुनिक एकबारी रायफलींसाठी वेगवेगळे असतात, कारण पुंगळी एकच असली तरी तिला धरून ठेवणारे पोलाद एकसारखे नाही. भारतात दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो, त्यामुळे इथे ही विद्या बहुतांशी वाचण्यापुरती.

काळी दारू वापरली की शेवटचे काम धुण्याचे. तिची राख हवेतला ओलावा ओढते आणि पावसाळ्यात एका रात्रीत नळीला गंज चढतो. गरम पाण्याने नळी धुऊन, कोरडी पुसून, तेलाचा हात फिरवतात. पितळी पुंगळ्या असतील तर त्याही त्याच दिवशी धुतात.